डेटाबेसच्या उंबरठ्यावर : लेखांक सातवा
स्टोअर्ड प्रोसिजरच्या कॉलमधील दोषांचा शोध

स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या आतच नाव देऊन साठवून ठेवलेला सूचनांचा संच. वेब ॲप्लिकेशन त्याला नावाने बोलावते, त्याच्या हाती काही मूल्ये, म्हणजेच पॅरामीटर, सोपवते आणि उत्तराची वाट पाहते. सायबेसने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ केलेली ही सोय पुढे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये आली आणि मायएसक्यूएलमध्ये २००५ च्या ५.० आवृत्तीपासून उपलब्ध झाली. प्रोसिजर लिहिणारा आणि वेब पान लिहिणारा पुष्कळदा वेगवेगळे असतात. त्यामुळे काही बिघडले की प्रत्येक जण दुसऱ्याच्या कामाकडे बोट दाखवतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा या दोघांच्या मधल्या जागेत, मूल्य एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या क्षणात दडलेला असतो, आणि म्हणून शोधाची सुरुवातही तेथूनच व्हावी लागते.

प्रस्तुत लेखांकात धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्याच्या जमीन नोंदी हाताळणारे एक वेब ॲप्लिकेशन उदाहरणादाखल घेतले आहे. गाव, गट क्रमांक आणि पोटहिस्सा दिला की सातबारा, म्हणजे गाव नमुना सात व बारा, दाखवणारी आणि फेरफार नोंदवणारी प्रोसिजर त्यामागे आहे असे मानले आहे. शासनाच्या कोणत्याही प्रत्यक्ष प्रणालीची अंतर्गत रचना येथे अभिप्रेत नाही. तांत्रिक वर्तन मात्र एसक्यूएल सर्व्हर आणि त्याला डॉटनेटमधून केलेल्या कॉलचे आहे.

जे दोष स्वतःहून बोलतात ते तुलनेने सोपे असतात. त्रुटी क्रमांक २८१२ आला तर त्या नावाची प्रोसिजर सापडली नाही, म्हणजे नाव चुकले, स्कीमा चुकला किंवा ॲप्लिकेशन भलत्याच डेटाबेसशी जोडले गेले. २२९ आला तर ज्या लॉगिनने कॉल झाला त्याला ती चालवण्याची परवानगी नाही. २०१ क्रमांक थोडा फसवा आहे, कारण तो अपेक्षित पॅरामीटर पुरवलाच गेला नाही असे सांगतो आणि कोडमध्ये तर तो डोळ्यांसमोर पुरवलेला दिसतो. डॉटनेटमधील नल हे मूल्य पॅरामीटरला दिले तर ते डेटाबेसकडे पाठवलेच जात नाही. ‘मूल्य नाही’ हे डेटाबेसला कळवायचे असेल तर त्यासाठी डीबीनल हे वेगळे चिन्ह द्यावे लागते. ज्या गटांना पोटहिस्सा आहे त्यांचे सातबारे व्यवस्थित उघडतात आणि ज्यांना तो नाही तेवढेच अडतात, असे दिसले तर कारण बहुधा हेच असते.

खरी काळजी करायला हवी ती न बोलणाऱ्या दोषांची, आणि मराठी माहितीच्या बाबतीत त्यांची संख्या मोठी आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुरासाठी व्हारचार आणि एनव्हारचार असे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला जुन्या कोडपेजवर, म्हणजे एका भाषागटापुरत्या अक्षरसारणीवर चालतो, तर दुसरा युनिकोडवर. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असे जुने कोडपेज कधीच नव्हते, त्यामुळे २०१९ च्या आवृत्तीत आलेली यूटीएफ-८ ची सोय वापरली नसेल तर व्हारचारमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक देवनागरी चिन्हाचे प्रश्नचिन्ह होते. ‘उमरगा’ या नावात काना धरून पाच युनिकोड चिन्हे आहेत, म्हणून त्याचे ‘?????’ होते. याच जिल्ह्यातील ‘परंडा’ या नावातही अनुस्वार आणि काना धरून पाचच चिन्हे आहेत, म्हणून त्याचेही ‘?????’ होते. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका आणि पश्चिम टोकाचा तालुका डेटाबेसच्या दृष्टीने एकच ठरतात. कळंब आणि वाशी ही प्रत्येकी चार चिन्हांची नावेही तशीच एकमेकांत मिसळतात. स्तंभ व्हारचार असेल तर उमरग्याच्या शोधात परंड्याच्या ओळी मिळतात. स्तंभ एनव्हारचार आणि केवळ पॅरामीटर व्हारचार असेल तर काहीच मिळत नाही, आणि पान शांतपणे ‘नोंद उपलब्ध नाही’ असे दाखवते. शेतकऱ्याला हे उत्तर आपल्या जमिनीबद्दल मिळते, हे ध्यानात घेतले तर या दोषाचे गांभीर्य कळते. उपाय म्हणजे स्तंभ, प्रोसिजरमधील पॅरामीटर आणि ॲप्लिकेशनमधील पॅरामीटर हे तिन्ही एनव्हारचार ठेवणे, आणि मजकूर थेट क्वेरीत लिहिला असेल तर त्याच्या अवतरणचिन्हाआधी मोठ्या लिपीतील ‘एन’ हे रोमन अक्षर देणे.

लांबीची चूकही तितकीच मूक असते. प्रोसिजरमध्ये एनव्हारचार लिहून पुढे लांबी द्यायची राहिली तर ती एक मानली जाते आणि ‘उमरगा’मधला केवळ ‘उ’ आत पोहोचतो. तक्त्यात लांब मजकूर भरताना त्रुटी येते, पण पॅरामीटरमध्ये तो विनातक्रार कापला जातो. अंकांचे वर्तन मात्र उलट आहे: कोणी गट क्रमांक देवनागरी अंकांत टाइप केला आणि पॅरामीटर पूर्णांकाचा असला तर रूपांतर फसते व त्रुटी येते, जी निदान दिसते तरी. शोध नावाऐवजी संकेतांकाने करणे हा यांपैकी बहुतेक अडचणींवरचा भक्कम तोडगा आहे. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे धाराशिव झाले तेव्हा नावावर बेतलेल्या प्रत्येक प्रोसिजरला दुरुस्ती लागणार होती, संकेतांकावर बेतलेल्या प्रोसिजरला ती लागण्याचे कारण नव्हते.

तारखांचा प्रश्न याच जातीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने उमरगा आणि औसा तालुक्यांत सर्वाधिक हानी केली, आणि त्यानंतरच्या पुनर्वसनाने जमिनीच्या नोंदीही बदलल्या. ‘३०/०९/१९९३’ ही तारीख मजकूर म्हणून पाठवली आणि लॉगिनची भाषा अमेरिकी इंग्रजी असली, तर डेटाबेस तिसाव्या महिन्याचा शोध घेतो आणि कॉल फसतो. त्याच काळातील ‘०५/०६/१९९४’ मात्र बिनबोभाट स्वीकारली जाते आणि ५ जूनची ६ मे होते. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या तारखा चुकतात आणि उरलेल्या अडतात, असा हा विचित्र प्रकार आहे. तारीख ही तारखेच्याच प्रकारच्या पॅरामीटरमधून पाठवणे एवढेच त्याचे औषध आहे.

एखादी प्रोसिजर मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर थेट हाताळण्याच्या साधनात, क्षणात चालते आणि वेब पानावरून तीस सेकंदांनी टाइमआउट होते, ही तक्रार सर्वांत जास्त गोंधळात टाकते. तीस सेकंद ही डॉटनेटमधील कमांडची मूळ मर्यादा आहे, आणि ती वाढवणे म्हणजे दोष झाकणे. प्रोसिजर प्रथम चालते तेव्हा डेटाबेस त्या वेळच्या मूल्यांकडे पाहून काम करण्याची योजना आखतो आणि ती जपून ठेवतो. पहिला कॉल मोजक्या खातेदारांच्या वाडीसाठी झाला असेल तर तीच योजना हजारो नोंदींच्या उमरगा गावासाठी वापरली जाते आणि रेंगाळते. स्टुडिओमध्ये मात्र ॲरिथॲबॉर्ट ही मांडणी मुळातच चालू असते व ॲप्लिकेशनच्या कनेक्शनमध्ये बंद असते, त्यामुळे दोघांना वेगवेगळ्या योजना मिळतात आणि तपासणाऱ्याला दोष दिसतच नाही. म्हणून एक्स्टेंडेड इव्हेंट्स या सोयीने ॲप्लिकेशनचा कॉल जसाच्या तसा पकडावा, ती मांडणी स्टुडिओतही बंद करून ॲप्लिकेशनच्याच लॉगिनने तो पुन्हा चालवावा, आणि मगच संबंधित क्वेरीला रीकंपाइलचा संकेत द्यावा की इंडेक्स सुधारावा हे ठरवावे.

टाइमआउटचा आणखी एक परिणाम फेरफारासारख्या कामात विशेष घातक ठरतो. वाट पाहणे ॲप्लिकेशनने सोडले की प्रोसिजर थांबते, परंतु तिने उघडलेले ट्रान्झॅक्शन, म्हणजे ‘सर्व किंवा काहीच नाही’ या अटीने बांधलेला व्यवहार, आपोआप मागे घेतलेच जाते असे नाही. कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात, परत जाते आणि ते पुन्हा वापरले जाईपर्यंत ओळींवरील कुलपे तशीच राहू शकतात. दुसऱ्या टेबलावर बसलेल्या कर्मचाऱ्याचे पान मग विनाकारण अडते, आणि त्याच्या कॉलमध्ये कितीही शोधले तरी दोष सापडत नाही, कारण तो आधीच्या कॉलमध्ये असतो. अशा प्रत्येक प्रोसिजरच्या आरंभी एक्सॲक्ट ॲबॉर्ट ही मांडणी चालू करावी, म्हणजे मध्येच तुटलेला व्यवहार लगेच मागे घेतला जातो, आणि कनेक्शन बंद करण्याची ओळ त्रुटी आली तरी चालेल अशा ठिकाणी लिहावी. पूलची मूळ कमाल मर्यादा शंभर कनेक्शनची असल्याने न सोडलेली कनेक्शने साचली की पुढच्या कॉलला डेटाबेसपर्यंत पोहोचताच येत नाही.