न कळण्याचं भय, न वळण्याचं भय

रिडली स्कॉटच्या ‘एलियन’मध्ये (१९७९) नॉस्ट्रोमो या मालवाहू यानाचा कॅप्टन डॅलस हवा खेळवणाऱ्या अरुंद बोगद्यांत एकटाच शिरतो. बाहेर लॅम्बर्ट एका यंत्राच्या पडद्याला डोळे लावून बसलेली असते. हवेच्या घनतेतला बारीकसा बदल टिपून हालचाल दाखवणारं हे यंत्र यानावरच जुळवाजुळव करून बनवलेलं आहे. पडद्यावर एक ठिपका डॅलसचा, दुसरा यानात शिरलेल्या परक्या जीवाचा. दुसरा पहिल्याकडे सरकू लागतो. लॅम्बर्ट जिवाच्या आकांताने ओरडते, डॅलस घाईने हलतो आणि नेमका त्याच्याच पुढ्यात जातो. सात वर्षांनी आलेल्या जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’मध्ये (१९८६) असलंच यंत्र पुन्हा दिसतं. आता ते सैनिकांच्या सरंजामाचा भाग आहे आणि मीटरमध्ये अंतर सांगतं. आकडा उतरत उतरत इतका खाली येतो, की येणारे खोलीच्या आतच असायला हवेत. दारं तर पक्की सांधून घेतलेली, आणि समोर चिटपाखरू नाही. शेवटी हिक्स हा सैनिक वर चढून छताची एक फळी सरकवतो आणि टॉर्चच्या झोतात ते छताला लटकून सरपटत येताना दिसतात.

या दोन चित्रपटांची तुलना बहुधा एका वाक्यात उरकली जाते : पहिला भयपट, दुसरा मारधाडपट. स्कॉटकडे एक प्राणी आणि सात निःशस्त्र माणसं, कॅमेरॉनकडे प्राण्यांची अख्खी वसाहत आणि बंदुका. ही वर्गवारी चुकीची नाही, पण वरवरची आहे. ती खरी मानली, तर दुसरा चित्रपट म्हणजे पहिल्याचीच गुणाकार केलेली आवृत्ती ठरते. मग गुणाकार करणारे इतके सिक्वेल विसरले गेले आणि हा टिकला, याचा उलगडा होत नाही. पहिल्या चित्रपटाचं भय न कळण्याचं आहे. दुसऱ्याचं भय कळूनही न वळण्याचं आहे. कॅमेरॉनने भीती वाढवली नाही, तिची जागा बदलली.

पहिल्या चित्रपटात न कळणं किती काटेकोरपणे रचलं आहे, ते पाहण्यासारखं आहे. स्विस चित्रकार एच. आर. गिगर यांनी घडवलेल्या या जीवाला डोळे कुठे आहेत हे समजत नाही. शरीर कुठे संपतं आणि यंत्रासारखी नळ्यांची रचना कुठे सुरू होते, तेही नाही. पोशाखात होता बोलाजी बदेजो हा सहा फुटांहून कितीतरी उंच, विलक्षण सडपातळ नायजेरियन तरुण, म्हणजे आत माणूस आहे ही शंकाही येऊ नये. वर ११७ मिनिटांच्या चित्रपटात हा जीव जेमतेम काही मिनिटं दिसतो, तोही तुकड्यातुकड्याने : जबडा, शेपूट, एक हात. त्याची ओळख पटते न पटते तोच त्याचं रूप बदलतं. अंड्यातून आलेला खेकड्यासारखा प्राणी यानावरच्या केनच्या तोंडाला चिकटतो, मग आपोआप गळून मरतो, केन शुद्धीवर येतो. सगळे हसत जेवायला बसलेले असताना त्याची छाती फुटते. या प्रसंगात नेमकं किती रक्त उडणार आहे, हे इतर नटांना आधी सांगितलेलं नव्हतं. लॅम्बर्टच्या भूमिकेतल्या व्हेरॉनिका कार्टराइटच्या चेहऱ्यावरचा धक्का बराचसा खराच आहे. पुढे काय होणार याची कल्पना यानावर कुणालाच नाही, आणि तिकीट काढून बसलेल्यालाही नाही.

सिक्वेलची अडचण इथेच सुरू होते. १९८६ मध्ये थिएटरात येणाऱ्या प्रेक्षकाला अंडं म्हणजे काय, छाती का फुटते, रक्त आम्लासारखं आहे, हे सगळं पाठ होतं. ते अज्ञान परत आणणं अशक्य होतं. कॅमेरॉनने प्रेक्षकाचं हे ज्ञान सरळ नॉस्ट्रोमोवरून वाचलेल्या रिप्लीच्या झोळीत टाकलं. ५७ वर्षं शीतनिद्रेत काढून ती परतते आणि चौकशी समितीपुढे उभी राहते. जे घडलं ते ती सांगते. समितीला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिने उडवून दिलेल्या यानाचा हिशेब : ४ कोटी २० लाख डॉलर, मालाची किंमत वेगळी. तिचं लायसन्स जातं आणि तिला गोदीत माल चढवण्या-उतरवण्याचं काम पत्करावं लागतं. दरम्यान जिथे तो जीव सापडला, त्याच ग्रहगोलावर माणसांची वसाहत वर्षानुवर्षं नांदते आहे. आपण आणि रिप्ली, दोघंही जाणतो. ज्यांनी जाणून घ्यायला हवं, त्यांना ऐकायचं नाही. प्रेक्षक आता दचकायची वाट पाहत नाही, तो खुर्चीत बसून चडफडतो.

हे भय कसं काम करतं, याचा उत्तम नमुना म्हणजे अखेर रिप्लीसह त्या वसाहतीकडे पाठवलेल्या सैनिकांची पहिली चकमक. लेफ्टनंट गॉर्मनच्या नावावर ३८ मोहिमा आहेत, पण सगळ्या सरावातल्या. चिलखती गाडीत बसून तो पडद्यांवर आपली माणसं बघतो आहे. प्रत्येक शिरस्त्राणावरचा कॅमेरा एकेक चौकट पाठवतो. आत अणुभट्टीची शीतनयंत्रणा आहे आणि तिथे स्फोटक गोळ्या झाडणं म्हणजे आत्मघात, हे रिप्लीच्याच लक्षात येतं. म्हणून दारूगोळा काढून घेतला जातो. तिचं एकच सांगणं मानलं जातं, आणि त्याने सैनिक जवळपास निःशस्त्र होतात! मग भिंतीच हलू लागतात. पडद्यांवर मुंग्या, किंकाळ्या, एकामागून एक विझणाऱ्या चौकटी. गॉर्मन मागे फिरण्याचा हुकूम देतो, तोवर ऐकायला फारसं कुणी उरलेलं नसतं. इथे कॅमेरॉन स्कॉटइतकाच हात राखून दाखवतो. फरक इतकाच, की स्कॉटच्या अंधारात माहितीच नव्हती, इथे माहिती डझनभर पडद्यांवर वाहते आहे आणि कवडीच्या कामाची नाही. व्हिएतनामचं युद्ध डोळ्यांपुढे होतं, हे कॅमेरॉनने स्वतः सांगितलं आहे. सामग्री होती, भूमीची समज नव्हती.

यावर एक आक्षेप रास्त आहे. न ऐकलं जाणं पहिल्या चित्रपटातही नाही का? केनला आत आणू नका, विलगीकरणाचा नियम आहे, असं रिप्ली दाराआडून ठणकावते, आणि तिचा सहकारी ॲश दार उघडतो. यानाला आलेला संदेश मदतीची हाक नसून इशारा असावा, हेही तिलाच उमगतं. पुढे कळतं की ॲश यंत्रमानव आहे आणि यानाच्या मालक कंपनीचा छुपा आदेश त्याच्यापाशी आहे : जीव परत आणा, माणसं गेली तरी चालतील. आक्षेप मान्य, पण त्यातून मुद्दा बळकटच होतो. पहिल्या चित्रपटात जे बीज एका दारापाशी पडलं होतं, कॅमेरॉनने त्याचं झाड केलं. तिथे कंपनीचं कारस्थान अखेरीस उघड होतं, इथे कंपनीचा माणूस बर्क पहिल्यापासून शेजारी बसून कॉफी आणि आश्वासनं देतो. प्राणी नष्टच करायचे, आणायचे नाहीत, हे त्याने दिलेलं वचन ऐकून रिप्ली निघते. वसाहतीच्या लोकांना त्या अंड्यांकडे पाठवणारा आदेश त्याच्याच सहीचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. राणीची कल्पना आणून कॅमेरॉनने गूढच संपवलं, असं म्हणतात. ‘एलियन’साठी चित्रित झालेल्या आणि १९७९ मध्ये वगळलेल्या एका प्रसंगात पकडलेल्या माणसांचं भिंतीवरच अंड्यांत रूपांतर होताना दिसत होतं. २००३ च्या आवृत्तीत तो परत आला. तर्कात न बसणारं, किळसवाणं काहीतरी. त्याऐवजी आपल्याला मिळतं मधमाश्यांच्या पोळ्याचं गणित : राणी, अंडी, कामकरी. नुकसान झालं, हे कबूल करायला हवं. पण कळण्याचं भय रचायचं, तर शत्रू कळण्याजोगा हवाच. शिवाय राणी कळल्यामुळेच पोळ्यातला तो क्षण शक्य होतो : रिप्ली ज्वालेचं तोंड अंड्यांकडे वळवते आणि राणी आपल्या रक्षकांना मागे सरायची खूण करते. दोघींना एकमेकींची भाषा समजली आहे. चित्रपटात रिप्लीचं म्हणणं पहिल्यांदाच कुणीतरी तंतोतंत ऐकतं, आणि ते माणूस नाही.

उरला बंदुकांचा आक्षेप, म्हणजे हा शस्त्रपूजेचा चित्रपट आहे हा. शेवट नीट पाहिला तर तो टिकत नाही. राणीशी झुंजायला रिप्ली उतरते ती मालवाहू यंत्रात शिरून. तिची सगळी प्रतिष्ठा काढून घेतल्यावर पोटासाठी शिकलेलं काम तेवढं कामी येतं. कथेच्या सुरुवातीला तिने ते यंत्र चालवून दाखवलं, तेव्हा सैनिकांना गंमत वाटली होती. आणि राणी मरते कशी? पहिल्या चित्रपटातला जीव गेला तशीच : रिप्ली दार उघडते, आणि पोकळी शत्रूला बाहेर ओढून नेते. नॉस्ट्रोमोवर तिने एकदा दार बंद ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा कुणी ऐकलं नाही. दोन्ही चित्रपटांच्या अखेरीस ते उघडायचं काम तिच्यावरच येतं.