खाणीसाठी कापलेली वाट

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातली फ्लिंडर्स डोंगररांग चारशेहून अधिक किलोमीटर लांब आहे. तिच्या उत्तर टोकाशी आर्करूला हे अभयारण्य. अॅडलेडपासून रस्त्याने जवळजवळ ७०० किलोमीटर. कोपली हे छोटे गाव मागे पडले की डांबर संपते, आणि पुढचे सुमारे १३० किलोमीटर ओढ्यानाल्यांतून चढउतार करणारा मातीचा रस्ता. एवढे करून पोचल्यावरही खरा डोंगर पुढेच असतो. तिकडे नेते ती मुक्कामावरचीच गाडी, मागच्या उघड्या हौद्यात बाके बसवलेली. स्वतःच्या गाडीला त्या वाटेवर परवानगी नाही. जाऊनयेऊन ४२ किलोमीटर, पण त्याला साधारण साडेचार तास लागतात. चढ असे की गाडीचे नाक आभाळाकडे वळते आणि पुढची वाट दिसेनाशी होते. धारेवरून धारेवर जात शेवटी सिलर्स लुकआउट येते. चहूकडे कडे, समोर फ्रीलिंग हाइट्सची भिंत, आणि पूर्वेला दूरवर एक पांढरी रेघ. ते फ्रोम सरोवर. एरवी त्यात पाणी नसते, मीठ असते.

ते सरोवर कोरडे का, हे इथले मूळनिवासी अड्न्यामथाना लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. अड्न्या म्हणजे खडक. स्वतःला ते खडकांतली माणसे म्हणवतात. अकुरा नावाचा महासर्प तहानेने डोंगर उतरला, सगळे सरोवर प्यायला आणि जड झालेले पोट ओढत परतला. त्या ओढण्याने आर्करूलाची घळ कोरली गेली. जिथे जिथे तो टेकला, तिथे पाणवठे झाले. तो अजून डोंगरात निजलेला आहे, आणि खारे पाणी बाधल्याने त्याचे पोट गुरगुरते. ही रांग ऑस्ट्रेलियातल्या भूकंपप्रवण भागांपैकी एक आहे. लहान धक्के इथे नवे नाहीत. घळ, पाणवठे, मीठ आणि भूकंप ही चारही लक्षणे एका कथेत गुंफलेली आहेत. या भूमीचे पहिले अभ्यासक हेच लोक, असे मी मानतो. कुठल्याही वाटाड्याने सुरुवात इथूनच करावी.

सह्याद्री पाहत वाढलेल्या आपल्याला इथे वेगळे माप लावावे लागते. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर आडवे रचलेला. इथे माउंट पेंटरच्या परिसरातले जुने खडक दीडशे कोटी वर्षांपलीकडचे. त्यांच्यावर पुढे साचलेल्या गाळाचे थर कुठे कलले, कुठे उभेच राहिले. त्या थरांत हिमनद्यांनी वाहून आणलेले गोटे रुतलेले दिसतात. सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी जवळजवळ सगळीच गोठली होती, त्या काळाचे ते अवशेष. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम आणि थोरियम भरपूर आहे. जवळपास जागता ज्वालामुखी नसताना पॅरलानाला गरम पाण्याचा झरा वाहतो, तो त्यांच्या किरणोत्सर्गाच्या उष्णतेवर.

सिलर्स लुकआउटकडे नेणारी ती वाट कापली गेली ती या युरेनियमसाठीच. १९१०मध्ये ते इथे सापडले आणि भूवैज्ञानिक डग्लस मॉसन यांनी ते ओळखले. त्यातल्या रेडियमसाठी खोदाई झाली, माल उंटांवर लादून नेला गेला. उंटांची गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. १८६६मध्ये पशुपालक टॉमस एल्डर यांच्यासाठी शंभरावर उंट आणि त्यांचे हाकणारे कराचीहून बोटीने पोर्ट ऑगस्टाला उतरले, ते याच रांगेतल्या बेल्टानाच्या गुरचरणीसाठी. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, युरेनियमचा शोध पुन्हा सुरू झाला. नकाशे काढणाऱ्यांत मॉसन यांचे विद्यार्थी रेज स्प्रिग होते. धारेवरची वाट मात्र १९६०च्या दशकाच्या अखेरीची, एका शोधकंपनीने यंत्रे वर नेण्यासाठी कापलेली.

स्प्रिग यांचे नाव जगभर झाले ते वेगळ्याच कारणाने. १९४६मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, सरकारी कामासाठी ते एडियाकरा टेकड्यांतल्या बंद खाणी पाहायला गेले. तिथल्या वालुकाश्मावर त्यांना मऊ अंगाच्या प्राण्यांचे ठसे दिसले. एवढ्या जुन्या खडकात प्राणी असणेच शक्य नाही, असा तेव्हाचा समज होता. त्यामुळे बरीच वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००४मध्ये त्या टेकड्यांच्याच नावाने भूवैज्ञानिक कालगणनेत एक नवा कालखंड दाखल झाला.

आर्करूला राखावे म्हणून स्प्रिग यांनी सरकारला विनवून पाहिले. यश आले नाही, तेव्हा १९६८मध्ये त्यांनी आणि पत्नी ग्रिसेल्डा यांनी ६१० चौरस किलोमीटरचा तो चराऊ पट्टाच घेतला, अभयारण्य केले आणि खाणीच्या वाटेवरून पाहुणे नेऊ लागले. युरेनियम शोधणाऱ्या माणसाने ते जमिनीत राहू देण्यासाठी पदरमोड करावी, याचे मोल मला त्यांच्या जीवाश्मांइतकेच वाटते. २००० नंतर खाणीचा घाट पुन्हा घातला गेला आणि मोठा विरोध झाला. २०१२मध्ये राज्याच्या विधिमंडळाने आर्करूलासाठी स्वतंत्र संरक्षण कायदा केला. खनिजशोध, खाणकाम आणि चराई, तिन्हींना तिथे बंदी आहे.

जायचे असेल तर मे ते सप्टेंबर या तिकडच्या थंडीत जा. परतताना ब्रॅचिना घळीकडे वळा. एनोरामा ओढ्याच्या काठावर, खडकात बसवलेली एक लहान धातूची चकती आहे. ६३.५ कोटी वर्षांपूर्वी एडियाकरन कालखंड सुरू झाला तो नेमका थर ती दाखवते.