कॅमेऱ्याचा चोरीविमा आणि बेताचा खिसा

चोपडा-यावल-रावेर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला विमा म्हणजे काय हे सांगावयास नको. केळीचा हवामानावर आधारित फळपीक विमा त्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. कडाक्याच्या थंडीने, उन्हाच्या तडाख्याने किंवा वादळवाऱ्याने बाग हातची गेली, तर या विम्याचा आधार असतो. पण रात्री कोणी मळ्यात शिरून तयार घड कापून नेले तर? त्याचे पैसे या विम्यात मिळावयाचे नाहीत. विमा उतरविला म्हणजे सर्व संकटे टळली असे नसते. कागदावर जे संकट लिहिले असेल तेवढ्याचाच तो विमा असतो. कॅमेऱ्याच्या विम्यातही सगळी गोम इथेच आहे.

आपल्याकडे कॅमेरा आता केवळ हौसेची वस्तू राहिलेला नाही. बारावी झालेला एखादा तरुण कर्ज काढून कॅमेरा घेतो, लग्नसराईत हळदीपासून पाठवणीपर्यंत उभा राहतो आणि त्यावर घर चालवितो. एखादे गुरुजी सुटीत सातपुड्याच्या पायथ्याला पाखरांची चित्रे टिपत हिंडतात. दोघांच्याही पिशवीत पन्नास-साठ हजारांचा ऐवज असतो. चाळीसगावचे प्रख्यात छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) वर्षानुवर्षे घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. प्रवासातल्या चोरीची काळजी त्यांच्या कॅमेऱ्याला कशी असणार! आपल्याला मात्र मांडवात, एस.टी.त, आगगाडीत जावे लागते.

मग विमा घ्यावा, पण कोणता? सामान्य माणूस म्हणतो, “भाऊ, चोरीचा विमा आहे ना, मग चोरी झाली की भरून देतील.” इथेच फसगत होते. विम्याच्या भाषेत घरफोडी निराळी आणि चोरी निराळी. कुलूप तोडून, कडी उचकटून, म्हणजे जबरदस्तीने आत शिरून नेले तर ती घरफोडी. उघड्या दारातून कोणी अलगद उचलून नेले तर ती साधी चोरी. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात स्पष्ट सांगितले, की पॉलिसीत बळजबरीच्या प्रवेशाची अट लिहिली असेल, तर तशा प्रवेशावाचून झालेल्या चोरीची भरपाई मागता येत नाही. पोलिसांच्या कायद्यात ती चोरी असली तरी कराराचे शब्दच धरले जातात. आता विचार करा. मांडवात खुर्चीखाली ठेवलेली पिशवी जाते तेव्हा कोणते कुलूप तुटते?

दुसरा गैरसमज ‘भारत गृह रक्षा’ या पॉलिसीबद्दल आहे. १ एप्रिल २०२१ पासून ही घराची प्रमाणित पॉलिसी आली. आग, पूर, भूकंप यांसाठी ती चांगली आहे. चोरीचा उल्लेखही तिच्यात आहे. पण अशी आपत्ती घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरता. एरवीच्या चोरीला ती उपयोगी नाही. तो एक शब्द वाचून निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत.

कॅमेऱ्यासाठी विचारावी ती ‘ऑल रिस्क’ किंवा ‘सर्व जोखीम’ पॉलिसी, नाहीतर गृहविम्यातला सोबत नेण्याच्या मौल्यवान वस्तूंचा भाग. हिच्यात वस्तू घराबाहेर असतानाची चोरीही सामान्यतः येते. परंतु नाव ‘सर्व’ असले तरी अपवाद असतातच. गाडीतून झालेल्या चोरीसंबंधी बहुधा अशी अट असते, की गाडी पूर्ण बंदिस्त असावी आणि तिची दारे-खिडक्या कुलूपबंद असाव्यात. उघडी जीप, रिक्षा, मोटारसायकलीला अडकवलेली पिशवी यांचे काय होईल, ते पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे, आणि उत्तर लेखी मागावे. एजंटाच्या तोंडी शब्दाला पुढे किंमत राहत नाही.

आता खिशाचा हिशोब. सगळ्या पिशवीचा विमा उतरविण्याची गरज नाही. तिपाई, बॅटरी, पट्टा ही गेली तर आपण पुन्हा घेऊ शकतो. जे गेल्याने धंदा बसेल, म्हणजे कॅमेरा आणि मुख्य भिंग, त्यांचाच उतरवावा. मात्र पुऱ्या किमतीचा. हप्ता वाचविण्यासाठी ८० हजारांच्या वस्तूचा विमा ४० हजारांचा काढला, तर ‘सरासरी’ची अट आड येते. त्याच वस्तूचे २० हजारांचे नुकसान झाले तरी हाती १० हजारच पडतात. म्हणून प्रत्येक वस्तू तिच्या क्रमांकासह व किमतीसह वेगळी लिहून घ्यावी. समजुतीसाठी शेकडा २ रुपये दर धरा. ६० हजारांच्या कॅमेऱ्याला वर्षाचे १२०० रुपये, त्यावर १८ टक्के कर २१६, एकूण १४१६. म्हणजे महिन्याला ११८ रुपये. नुकसानीतला पहिला काही भाग आपण सोसू असे मान्य केल्यास दर थोडा उतरू शकतो. जुन्या वस्तूवर घसारा कापतात की नाही, तेही पाहावे.

लग्नाची कामे घेणाऱ्याने ‘घरगुती वापर’ असे लिहून देऊ नये. हप्ता कमी बसेल खरा, पण दावा नाकारावयास कंपनीला आयते कारण मिळेल.

कागद सांभाळणे फुकट आहे, आणि बहुतेक दावे तिथेच अडतात. पक्के बिल घ्या. कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेला क्रमांक वहीत लिहा, त्याचे छायाचित्र काढून घरच्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा. जुना कॅमेरा घेताना विकणाऱ्याची सही असलेली पावती घ्या.

चोरी झालीच, तर त्याच दिवशी पोलिस ठाणे गाठावे. प्रथम खबरीची, म्हणजे एफआयआरची, प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवावे. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर २०१० साली चोरीस गेला. त्याने पोलिसांत त्याच दिवशी तक्रार दिली, कंपनीला कळविले ५२ दिवसांनी. कंपनीने दावा नाकारला. अखेर जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग यांच्या या प्रकरणात ठरविले, की फिर्याद तत्काळ दिलेली असेल व चोरी खरी असेल, तर केवळ कंपनीला कळविण्यातल्या उशिरासाठी दावा नाकारता येणार नाही. निकाल त्याच्या बाजूने लागला, पण त्यात किती वर्षे गेली पाहा! रेल्वेच्या भरवशावर तर राहूच नये. प्रवाशाच्या कमरपट्ट्यातले लाख रुपये चोरीला गेले, त्या प्रकरणात जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी मानली नाही.

कंपनीने दावा नाकारला, तर प्रथम तिच्याच तक्रार विभागाला लिहावे. समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. आपल्या राज्यात मुंबई व पुणे येथे ही कार्यालये आहेत. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क पडत नाही. दोन्हीकडे पहिली मागणी एकच होते: पॉलिसीची प्रत, बिल आणि एफआयआर.