रोमच्या गोल चर्चमधली द्राक्षतोडणी

तोडणीच्या दिवसांत द्राक्षबागेत किती धांदल असते, हे तुम्हाला सांगायला नको. तशीच एक तोडणी रोम शहरातल्या एका गोल चर्चच्या छतावर सुमारे साडेसोळाशे वर्षांपासून चालू आहे! चर्चचे नाव सांता कोस्तांझा. जुन्या तटाबाहेर, नोमेंताना रस्त्यावर ते उभे आहे.

मुळात ही समाधी. सम्राट कॉन्स्टंटाइनची मुलगी कॉन्स्टंटिना इ. स. ३५४ मध्ये, आज तुर्कस्तानात असलेल्या प्रदेशात वारली. तिचा देह रोमला आणून इथे ठेवला. पुढे १२५४ साली पोपने या वास्तूला रीतसर चर्च केले.

बांधणी पाहण्यासारखी आहे. मधोमध घुमट, त्याखाली ग्रॅनाइटच्या खांबांच्या बारा जोड्या आणि त्यांच्याभोवती कमानदार छताची गोल वाट. काठोकाठ भरलेली कणगी जशी बाहेर फुगू पाहते, तसा घुमटाचा भार भिंतींना बाहेर रेटतो. इथे तो रेटा भोवतालच्या वाटेचे छत आणि बाहेरची जाड भिंत मिळून पेलतात. घुमटाखालच्या बारा खिडक्यांतून उजेड मध्यभागी पडतो, वाटेत मात्र अंधूकच.

पण त्या अंधूक वाटेतच मान वर करून पाहावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक रंगीत तुकडे बसवून द्राक्षवेल पसरवले आहेत. वेलांत पाखरे आहेत, घड तोडणारी पोरे आहेत. कडेला बैलगाडी द्राक्षे वाहते आहे, आणि छपराखाली तिघे जण घड पायांनी तुडवत असून रस खाली पन्हळीतून गळतो आहे. शेतीखात्यातल्या माणसाची नजर आधी बैलांवर जाणार, माझीही गेली. राजकन्येच्या समाधीवर लढाया नाहीत, शेतकामे आहेत!

याच चित्रांनी पुढे पंडितांना चकवले. द्राक्षे आणि रस पाहून त्यांनी ठरवले की हे बाकस या मद्यदेवतेचे देऊळ असावे. सतराव्या शतकात रोममधले डच चित्रकार मेजवानीनंतर इथे येऊन 'बाकसच्या थडग्या'पुढे मद्य अर्पण करीत. त्यांनी भिंतींवर कोरलेली नावे अजून दिसतात. अखेर १७२० मध्ये पोपने हा प्रकार बंद केला. खरे तर येशूने स्वतःला द्राक्षवेलाची उपमा दिली होती, आणि ख्रिस्ती उपासनेत द्राक्षरस आहेच. जुन्या रोमनांची आवडती वेल नव्या धर्मालाही चालली, एवढेच.

घुमटातली चित्रे मात्र १६२० मध्ये काढून टाकली गेली. जांभळ्या दगडाची शवपेटी अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅटिकनच्या संग्रहालयात नेली. तिच्यावरही द्राक्षांचीच तोडणी कोरलेली आहे. वाटेवरच्या छतातली बैलगाडी तेवढी जागची हललेली नाही.