केळ्याचा केक आणि सहा पायांचे पाहुणे

जास्त पिकून काळी पडलेली केळी फेकून देऊ नयेत. त्यांचा केक छान होतो आणि तो करता करता घरातल्या मुलांना कीटकांची ओळखही करून देता येते. आता तुम्ही म्हणाल, केकचा आणि किड्यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट आपल्या खानदेशातल्या बागांपर्यंत जातो.

मी धुळ्याचा. लेक जळगावला दिली आहे आणि व्याह्यांची केळीची बाग रावेरकडे आहे. तिकडून कोणी आलं की पिशवीत केळी असतातच. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण साल काळी पडायची ती पडतेच. मग सुटीत आलेली नात आणि मी केक करायला घेतो.

साहित्य साधंच. तीन पिकलेली केळी, दीड वाटी कणीक, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी दही, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ.

केळी सोलायला घेतली की पहिले पाहुणे हजर होतात, ती चिलटं. आंबूस वासावर ती येतात आणि सडू लागलेल्या फळात अंडी घालतात. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी हीच चिलटं दुधाच्या बाटल्यांत केळ्यावर वाढवली. १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचं निघालं. त्यावरून आनुवंशिक गुण गुणसूत्रांवर असतात याचा पुरावा मिळाला आणि १९३३ मध्ये मॉर्गन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढे कणीक चाळायची. जुनी असेल तर चाळणीत तांबूस भुंगेरे सापडतात. मुलांना पाय मोजायला सांगा. पाय सहा आणि शरीराचे भाग तीन, डोकं, छाती, पोट. असा असेल तो कीटक. कोळ्याला आठ पाय, म्हणून तो या घराण्यातला नाही.

वेलदोडा कुटताना मधमाशीची आठवण काढावी. ती फुलावर आल्याशिवाय वेलदोड्याला बोंडं नीट धरत नाहीत. कुरआनातल्या एका अध्यायाचं नाव ‘नहल’ म्हणजे मधमाशी, आणि दुसऱ्या एकाचं ‘नम्ल’ म्हणजे मुंगी, हे नातीला आधीच ठाऊक होतं. केळीचं मात्र उलटं आहे. आपलं खायचं केळं परागीभवनाशिवायच धरतं. गरातले बारीक काळे ठिपके म्हणजे न वाढलेल्या बियांच्या खुणा.

हे ऐकून नात म्हणाली, ‘‘मग नाना, केळीला किडे नकोतच. सगळे मारून टाकले तर?’’

प्रश्न लहान मुलीचा, पण बागेत पंप पाठीवर घेऊन उभा असलेला शेतकरीही स्वतःला हेच विचारतो. २०२० च्या पावसाळ्यात रावेर, यावल भागात केळीवर कुकुंबर मोझॅक हा विषाणूजन्य रोग आला आणि २०२२ मध्ये पुन्हा आला. शेतकरी त्याला ‘हरण्या’ म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पान आकसतं, पोंगा सडतो. कोवळ्या बागा लोकांनी स्वतःच्या हातांनी उपटून टाकल्या.

हा रोग पसरवतो मावा. कपाशीवर, काकडी-भोपळ्याच्या वेलांवर बसणारा, टाचणीच्या डोक्याएवढा. रोगट झाडात तो सोंड खुपसतो आणि काही सेकंदांत विषाणू तिला चिकटतो. दुसऱ्या झाडाला सोंड लावली की विषाणू तिथे उतरतो. औषधाने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. शिवाय सरसकट फवारणीत मरतो तो ढालकिडा, लाल पाठीवर काळे ठिपके असणारा. तो आणि त्याची अळी, दोघंही माव्यावर जगतात. म्हणजे आपण आपलाच राखणदार मारतो.

रोगट झाडाला औषध नाही. ते दिसताच मुळासकट काढून बागेपासून दूर नष्ट करायचं, बांधावरचं तण काढायचं, केळीत काकडीवर्गीय पीक घ्यायचं नाही आणि रोपं निरोगी असल्याची खात्री करूनच आणायची. फवारणी लागली तर ती कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने.

एवढं बोलेपर्यंत मिश्रण तयार होतं. केळी कुस्करून साखर, तेल, दही घालावं, मग कोरडं साहित्य हलक्या हाताने मिसळावं. कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यावर ताटली ठेवावी. शिट्टी आणि रबर काढून कुकर दहा मिनिटं तापवावा. मग तेल लावलेल्या डब्यात मिश्रण ओतून मंद आंचेवर पाऊण तास ठेवावं. सुरी घालून पाहावी. कोरडी निघाली की केक झाला.

केक निवेपर्यंत मुलांना अंगणात न्या आणि एखादं पान उलटून दाखवा. तिथे मावा आहे की ढालकिडा, हे ज्याला ओळखता आलं, तो मोठेपणी औषधाच्या दुकानात जाण्याआधी बागेत जाईल.