सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

२०२२ साली गणेशचतुर्थी ३१ ऑगस्टला होती. त्याच्या आठवडाभर आधी, सकाळी सकाळी, आमच्या मित्राच्या बायकोचा फोन आला. या वहिनी न्यू जर्सीत उकडीचे मोदक, पुरणपोळ्या आणि फराळाचे पदार्थ करून विकतात. भाड्याचं किचन, हाताखाली दोन बायका, आणि वर्षाची निम्मी कमाई गणपती ते दिवाळी एवढ्या काळातली.

"भावजी, दोन दिवस झाले, एक ऑर्डर नाही. वेबसाइट उघडली तर भलत्याच जाहिराती दिसताहेत. आणि ईमेलही बंद आहे."

वेबसाइट करणारा मुलगा मीच सुचवलेला होता. वहिनींनी ते बोलून दाखवलं नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं. मुलगा हुशार, शिक्षण संपवून नुकताच नोकरीला लागलेला, आपल्याच मंडळातल्या ओळखीचा. त्याचं काम मी स्वतः पाहिलं होतं. कोड नीटनेटका, पानं झटकन उघडणारी. माझी डॉक्टरेट पणाला लावून मी त्याला शिफारसपत्र दिलं म्हणा ना! एकच गोष्ट मी विचारली नव्हती: वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर नोंदवलंय?

अनेक धंदेवाईक मंडळींना वाटतं की वेबसाइट ही एक वस्तू आहे. प्रत्यक्षात त्या तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. दुसरी, ज्या संगणकावर वेबसाइट ठेवलेली असते तिथली भाड्याची जागा, म्हणजे होस्टिंग. तिसरी, त्या जागेत मांडलेला संसार: पानं, फोटो, मजकूर, ऑर्डर घेण्याची सोय. संसार हलवता येतो. जागा बदलता येते, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागत नाही. नाव मात्र गेलं की सगळंच गेलं, कारण पाकिटांवर, डब्यांवर, मोटारीच्या दारावर तेच छापलेलं असतं आणि ईमेलही त्याच नावावर चालते.

आपल्याकडे गवंड्याने घर कितीही सुरेख बांधलं तरी आपण आधी विचारतो, सातबाऱ्यावर नाव कुणाचं? (निव्वळ सातबारा म्हणजे मालकी नव्हे, असं वकील सांगतात. तरी विचारायचं आपण सोडत नाही.) वेबसाइटच्या बाबतीत मात्र भले भले लोक हा प्रश्न विसरतात. मी विसरलो.

झालं होतं ते असं. त्या मुलाने सोयीसाठी ते नाव स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. वर्षाला पंधरा-वीस डॉलरची बाब, त्याच्या क्रेडिट कार्डावरून परस्पर जायची. पुढे तो दुसऱ्या राज्यात गेला, कार्ड बदललं आणि कॉलेजचा जुना ईमेल पत्ता पाहणं त्याने सोडून दिलं. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था पाहते. तिच्या नियमांप्रमाणे डॉट कॉमसारख्या नावांची मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी दुसरी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी सूचना नोंदणी करणाऱ्या कंपनीला पाठवावी लागते. कंपनीने सगळ्या सूचना पाठवल्या. त्या कुणी न उघडणाऱ्या पेटीत जाऊन पडल्या.

मुदत संपली की नाव लगेच कायमचं जात नाही. बहुतेक कंपन्या काही आठवडे नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतात. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, पण त्यात वर दंड भरावा लागतो. मग पाच दिवसांत नाव मोकळं होतं आणि कुणीही उचलू शकतो. चांगल्या नावांवर टपून बसलेले लोक असतात, त्यांचा तो धंदाच आहे. वहिनींच्या नावाची मुदत संपून नऊ दिवसच झाले होते, हे नशीब. पण पैसे भरणार कुणाच्या खात्यात शिरून? कंपनीच्या लेखी वहिनींचा त्या नावाशी काडीचा संबंध नव्हता.

शेवटी नाशिकला त्या मुलाच्या मामांना फोन लावला, मामांनी नवा नंबर दिला, आणि रात्री साडेअकराला त्याने पैसे भरले. बिचारा ओशाळून गेला होता. वेबसाइट दुसऱ्या दिवशी दुपारी परत दिसू लागली. एव्हाना चार दिवस गेले होते, आणि मोदकांच्या ऑर्डरी दुसरीकडे.

मुलगा लबाड नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. आपण परदेशात राहणारी माणसं विश्वासू माणूस शोधताना ओळखपाळख पाहतो, गाव विचारतो, आणि मग "आपलाच आहे" म्हणून कागद करायला लाजतो. कागद मागणं म्हणजे संशय घेणं असं आपल्याला वाटतं. मला आता उलटं वाटतं. कागद नसला की माणूस चांगला असूनही चालत नाही. त्याने नोकरी बदलली, आजारी पडला, लग्न करून कॅनडात गेला, तरी आपला धंदा त्याच्या पेटीत अडकतो.

म्हणून डिझायनरला भेटाल तेव्हा रंग, चित्रं, दर यांच्याआधी एक प्रश्न विचारा: "उद्या मी तुम्हाला सोडायचं ठरवलं, तर माझ्या हातात काय काय येईल?" यावर जो रागावतो किंवा "त्याची काळजी तुम्ही करू नका" म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. चांगला माणूस सरळ सांगतो: नाव तुमच्या खात्यात, तुमच्या कार्डावर, होस्टिंगचं खातं तुमचं, मला फक्त कामापुरता प्रवेश, गूगलच्या नकाशावरच्या तुमच्या दुकानाच्या नोंदीचे मालक तुम्ही, मी नुसता व्यवस्थापक. आणि खात्यासाठी दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. नाव बंद पडलं की ती ईमेलही बंद, मग सूचना कुठे येणार?

आधीच कुणाकडून वेबसाइट करून घेतली असेल, तर नोंद बाहेरून तपासणं आता सोपं राहिलेलं नाही. पूर्वी हूइज नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत मालकाचं नाव-पत्ता दिसायचा. २०१८ साली युरोपातला खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून तो तपशील बहुधा झाकलेला असतो. तेव्हा खात्यात स्वतः शिरून पाहणं हाच उपाय. नाव दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं असेल तर एक सांकेतिक शब्द लागतो. नोंदणीकृत मालकाने मागितल्यावर तो पाच दिवसांत मिळाला पाहिजे, असा नियम आहे.

दुसरी गोष्ट हक्कांची. "पैसे दिले, म्हणजे डिझाइन माझं" हे अमेरिकेत आपोआप खरं नसतं. वॉशिंग्टनमधल्या, बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराकडून एक शिल्प करून घेतलं आणि त्याच्या हक्कावरून वाद झाला. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की रीड हा पगारी नोकर नव्हता, स्वतंत्र कारागीर होता, म्हणून ते शिल्प 'नोकरीत केलेलं काम' ठरत नाही. हाच नियम स्वतंत्र डिझायनरला लागू पडतो. हक्क तुमच्याकडे यायचे असतील तर तसा लेखी, सहीचा कागद हवा. एक परिच्छेद पुरतो, पण तो शेवटचा हप्ता देण्याच्या आधी हवा. मोठं काम असेल तर वकिलाला दाखवा.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकतो. गूगलवर पहिला नंबर मिळवून देण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहा. अशी हमी कुणालाच देता येत नाही, हे खुद्द गूगल सांगतं. वेबसाइटच्या पत्त्यापुढचं कुलूप, म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्र, २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. साध्या वेबसाइटसाठी त्याचे वर्षाला शंभर डॉलर कुणी लावले तर कशाबद्दल ते विचारा. अंध ग्राहकांना वापरता येईल अशी वेबसाइट कशी करणार, हेही विचारा. डॉमिनोजवर एका अंध ग्राहकाने याच कारणासाठी दावा लावला होता, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिल्यामुळे दावा पुढे चालला. आणि डिझायनरने दाखवलेली ताजी कामं पाहण्यापेक्षा तीन वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक शोधून फोन करा. ताजं काम सगळ्यांचंच चकचकीत दिसतं.

कधी कधी डिझायनर लागतच नाही. पदार्थांची यादी, फोन नंबर आणि ऑर्डरचा साधा फॉर्म एवढंच हवं असेल तर स्क्वेअरस्पेस किंवा विक्ससारख्या तयार सेवेत घरच्या शाळकरी मुलांनाही ते जमतं. फक्त तिथून संसार जसाच्या तसा उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हे धरून चाला. २००३ साली निघालेलं वर्डप्रेस त्या बाबतीत मोकळं आहे, पण त्याची वेळच्या वेळी झाडलोट कुणी तरी करावी लागते. हे दोन्ही आपणहून समजावून सांगणारा डिझायनर मिळाला, तर तो धरून ठेवा.

वहिनींनी ते नाव स्वतःच्या खात्यात घेतलं आणि एकदम जास्तीत जास्त मुदतीचे, म्हणजे दहा वर्षांचे, पैसे भरून टाकले. खात्याची माहिती आता किराण्याच्या बिलांच्या फाइलमध्ये असते, तिची एक प्रत माझ्याकडे.

त्या मुलाचा दिवाळीच्या सुमारास मला फोन आला. त्याने स्वतःचं जुनं खातं उघडून पाहिलं होतं. त्यात आणखी चार धंद्यांची नावं निघाली. एका दुकानाचा मालक दीड वर्ष त्याला शोधत होता.