एका थेंबाची झडती

दवाखान्यात दम्याच्या रुग्णाला लावतात तसा नेब्युलायझर, सूक्ष्मदर्शकाचं भिंग, हिरवा लेसर, वर्णपट टिपणारा कॅमेरा आणि या सगळ्यांच्या मधोमध एक लहानसा बंद कक्ष. हवेतल्या थेंबासाठीचा ‘ऑप्टिकल ट्वीझर’, म्हणजे प्रकाशाचा चिमटा, मुख्यतः एवढ्याच सामानातून उभा राहतो. नेब्युलायझर कक्षात खाऱ्या पाण्याचं धुकं सोडतो. खालून येणारा लेसर भिंगामुळे एका बिंदूवर एकवटलेला असतो. एखादा थेंब त्या बिंदूपाशी आला की अडकतो, शेजारचे आणखी काही त्याला येऊन मिळतात आणि सात-आठ मायक्रोमीटर व्यासाचा थेंब अधांतरी ठरतो. बाकीचं धुकं खाली बसतं. हा मात्र तासन्‌तास तिथेच.

प्रकाश वस्तूला ढकलू शकतो, हे कागदावर जुनंच होतं. आर्थर अ‍ॅश्किन यांनी 1970 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत पाण्यातल्या सूक्ष्म गोळ्या लेसरने हलवून दाखवल्या आणि लगेच पुढच्या वर्षी काचेची गोळी हवेत तरंगवली. नोबेल मिळालं 2018 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी. चिमट्याचं कौतुक झालं ते जास्त करून जीवशास्त्रात, कारण त्यात पेशी धरता येतात, डीएनएचे धागे ताणता येतात. मला हवेतला थेंब अधिक रंगतदार वाटतो. इथे पकडलेली वस्तूच मोजमापाचं उपकरण बनते.

ते कसं, हे कळायला 1921 सालात जावं लागतं. त्या वर्षी चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडला गेले होते. सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटाखाली भिंतीशी केलेली कुजबुज पार पलीकडे ऐकू येते. आवाज वक्र भिंतीला बिलगून फिरतो, असं लॉर्ड रेले यांनी आधीच सांगितलं होतं. रामन यांनी तिथे स्वतः प्रयोग केले आणि पुढे भारतातल्या अशा वास्तूंवरही लिहिलं. विजापूरचा गोलघुमट त्यात आलाच. याच प्रवासात, परतीच्या बोटीवर, भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना प्रकाशाच्या विकिरणाकडे ओढलं. त्याचं फळ 1928 मध्ये मिळालं: रेणूवर आदळलेला प्रकाश थोडा रंग बदलून परततो, आणि किती बदलला यावरून रेणू ओळखता येतो.

रामन 1970 मध्ये गेले. त्यांचे हे दोन विषय एका थेंबात भेटले ते 1980 च्या दशकात. थुर्न आणि कीफर या जर्मन संशोधकांनी प्रकाशावर तरंगणाऱ्या थेंबांचे रामन वर्णपट घेतले, तेव्हा अपेक्षित पट्ट्यांवर बारीक, अणकुचीदार शिखरं उगवलेली दिसली. लेसर 532 नॅनोमीटरचा हिरवा असेल, तर पाण्याचे रेणू त्यातला थोडा प्रकाश 650 नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा करून सोडतात. हा तांबडा प्रकाश थेंबाच्या आतल्या कडेला बिलगून गोल फिरतो, गोलघुमटातल्या आवाजासारखाच. ज्या लहरी परिघात पूर्णांक वेळा बसतात त्या बळावतात, बाकीच्या मागे पडतात. गुस्टाफ मी यांनी 1908 मध्ये मांडलेल्या गणिताशी ही शिखरं ताडून पाहिली की थेंबाची त्रिज्या काही नॅनोमीटरपर्यंत अचूक कळते. सोबत अपवर्तनांक कळतो, आणि त्यावरून आत मीठ किती, तेही. थेंब आटू लागला की शिखरं निळ्या बाजूला सरकतात. बाजूला बसून ती सरकताना पाहता येतात.

आणि कधी शिखरं एकाएकी गायब होतात. थेंबाचा स्फटिक झाला, गोलपणा गेला, प्रकाशाला फिरायला वाट उरली नाही. मिठाच्या बाबतीत हा क्षण अनपेक्षितपणे उशिरा येतो. कोरडा मिठाचा कण हवेची सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की विरघळून थेंब होतो. आर्द्रता उतरवत नेली, तर तो 75 ला परत कोरडा व्हायला हवा. तसं होत नाही. भांड्याची भिंत नाही, धूळ नाही, स्फटिकाला धरायला जागाच नाही. थेंब जवळपास 45 टक्क्यांपर्यंत द्रवच राहतो. म्हणजे 60 टक्के आर्द्रतेच्या हवेत समुद्री मिठाचा कण ओला आहे की कोरडा, हे त्याच्या पूर्वायुष्यावर ठरतं. प्रकाश विखुरणं, ढगाचा थेंब होणं या सगळ्याचा हिशेब त्याने बदलतो. महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे. ढगांना बीज पुरवणारे कण तिथे घोळक्याने मोजतात. घोळक्यातला एकटा कण कसा वागतो, ते चिमटा सांगतो.

दुसरा धक्का 2010 मध्ये बसला. फिनलंडच्या पाइन जंगलांवर तयार होणारे सेंद्रिय कण धातूच्या पट्टीवर आदळून उसळतात, असं दिसलं. हवामानाची प्रारूपं त्यांना द्रव समजत होती. हे तर काचेसारखे घट्ट निघाले. घट्टपणा मोजायचा कसा? इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या मंडळींनी दोन चिमटे लावले, दोन थेंब धरले आणि एकमेकांवर टेकवले. पातळ थेंब मायक्रोसेकंदांत एकजीव होऊन थरथरतात. सुकत चाललेल्या साखरेच्या पाकाचे थेंब तासन्‌तास जोडगोळीच राहतात. या एका युक्तीने पाण्यापासून जवळजवळ काचेपर्यंतची सगळी पट्टी मोजता आली.

काजळीपुढे मात्र चिमटा हात टेकतो. काळा कण प्रकाश गिळतो, तापतो आणि निसटतो. आपल्या शहरांच्या हवेत नेमकी त्याचीच रेलचेल. अशा कणांसाठी, मोठ्या थेंबांसाठी, विद्युतक्षेत्राचा पिंजरा वापरतात. कोविडच्या काळात ब्रिस्टललाच अशा पिंजऱ्यात विषाणू असलेले थेंब टांगून, ठरावीक वेळाने पेशींवर सोडून, विषाणू किती जिवंत उरला ते पाहिलं गेलं. श्वासातून बाहेर पडलेल्या थेंबातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, थेंब अल्कधर्मी होत जातो आणि विषाणू मरू लागतो. खोलीतल्या हवेत तो वायू साठलेला असेल, तर हे सारं मंदावतं, असं त्याच गटाने 2024 मध्ये दाखवलं. खिडकी उघडली की विषाणू बाहेर जातो, इतकंच आपण धरून चाललो होतो. आत राहिलेल्या थेंबाचं रसायनही त्याने बदलतं.